बिनव्याजी उत्साह

ऑक्टोबर २०२१मध्ये अ‍ॅपलने फडकं बाजारात आणलं. भारतातली किंमत १,९०० रुपये. पडदा पुसायचं मऊ, करडट पांढरं फडकं, त्यावर ते उष्टं सफरचंद ठसवलेलं. सोबत कंपनीने यादीही दिली होती, हे फडकं कुठल्या कुठल्या उपकरणांना चालतं याची. आपल्याकडे फडक्याला एवढा मान आजवर मिळालेला नाही. उसवलेले परकर, बाह्या गेलेले बनियन, विरलेल्या चादरी या सगळ्यांची अखेर फडक्यात होते, आणि ते कशाला चालतं हे विचारायची पद्धत नाही. ओट्यापासून स्कूटरपर्यंत सगळ्याला चालतं. अ‍ॅपलचं फडकं मात्र आलं आणि संपलं. अमेरिकेत तर आज मागणी नोंदवली तर फडकं पुढच्या वर्षी हातात पडेल, अशी पाळी आली. फडक्यासाठी वेटिंग लिस्ट!

त्याच्या आधी, २०१९मध्ये, याच कंपनीने संगणकाच्या पडद्याचा नुसता स्टँड ९९९ डॉलरला जाहीर केला होता. तेव्हा सभागृहात बसलेल्या श्रोत्यांतसुद्धा कुजबुज झाली. पुढे संगणकाखाली लावायची चार चाकं आली, ६९९ डॉलरला. चाकांना ब्रेक नव्हते. तोवर कुजबुजही बंद झाली होती. माझं म्हणणं एवढंच आहे की या कंपनीचं नवं जसजसं आटत गेलं, तसतसा गिऱ्हाइकाचा उत्साह वाढत गेला. हे उलटं गणित कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात बसत नाही, पण कोथरूडमध्ये बसतं.

उत्साहाला एके काळी कारण होतं, हे मान्य करायला हवं. ९ जानेवारी २००७ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सने पहिला आयफोन दाखवला, तेव्हा जगातले चांगले चांगले फोन बटणांनी गच्च भरलेले होते. बोट फिरवलं की पडदा सरकतो, दोन बोटं फाकवली की फोटो मोठा होतो, हे बघून माणसं चक्रावली, ती उगाच नाही. भारतात आयफोन आला २२ ऑगस्ट २००८ला. नाव थ्रीजी, किंमत ३१,००० रुपये, आणायला एअरटेल आणि व्होडाफोन. गंमत अशी की फोन थ्रीजी होता, पण देशात थ्रीजी नव्हतं. त्याचा लिलावच २०१०मध्ये झाला. आपण त्या फोनकडे एकदा बघितलं, किंमत ऐकली आणि नोकियाच्या बारीक पिनेचा चार्जर शोधायला लागलो.

म्हणजे वस्तू खरोखर नवी होती तेव्हा आपण थंड होतो. आता १९ सप्टेंबर २०२५ला सतरा क्रमांकाचा फोन आला, तर मुंबईत बीकेसीच्या दुकानाबाहेर रात्रीपासून रांग, पहाटे रेटारेटी आणि मग चक्क हातापायी. सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. आणि फोनमध्ये नवं काय होतं? मुख्य म्हणजे नारिंगी रंग होता.

आता आमच्या साडूंविषयी. बरेच वाचक गेल्या काही आठवड्यांत साडू कुठे गेले म्हणून विचारत होते. साडू फोनमध्ये गेले.

गृहस्थ राष्ट्रीयीकृत बँकेत कर्जविभागात. मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटी धरून झटकणारे, म्हणजे मातीचे पैसे द्यायला नकोत. घरातल्या पंख्याचं रेग्युलेटर बिघडलं तर पंखा एकाच वेगात चालवून दोन उन्हाळे काढणारे. अशा माणसाला लेकीने पहिल्या पगारातून अ‍ॅपलचं घड्याळ दिलं. लेकीचं प्रेम, नाही कसं म्हणणार? साडूंनी मनगटावर बांधलं, बटण दाबलं, तर घड्याळाने आयफोन मागितला. आयफोनशी जोडल्याशिवाय ते सुरूच होत नाही. साडूंचा फोन दुसऱ्या कंपनीचा, दहा हजारांतला, मागे रबराचं कव्हर आणि कव्हरात लोकलचं जुनं तिकीट. काही दिवस ते घड्याळ पाटावर बसवलेल्या पाहुण्यासारखं दिवाणखान्यात होतं. मग साडूंनी फुकटच्या घड्याळासाठी फोन घेतला.

पुढची वाट उताराची होती. नव्या फोनला इयरफोनचं भोक नाही, म्हणून ड्रॉवरमधले तीन चांगले वायरचे इयरफोन बाद आणि बिनवायरचे हजर. फोटो साठवायला पाच जीबी फुकट, ते पहिल्याच लग्नात भरले, म्हणून दरमहा ७५ रुपये. साडूंनी आयुष्यात दुधाचं सोडून दुसरं मासिक बिल आनंदाने भरलेलं मी पाहिलं नव्हतं. मग फोनमधलं लॅपटॉपवर आपोआप येतं असं कळलं, म्हणून लॅपटॉप. 'इकोसिस्टीम आहे ती,' साडू मला म्हणाले. पूर्वी हा शब्द ते पश्चिम घाटासाठी वापरत.

मला यात फसवणूक दिसत नाही. साडूंना कुणी फसवू शकत नाही, ते कर्जविभागात आहेत. मला दिसतो तो उत्साह, आणि तो मोठा विलक्षण प्रकार आहे. कारण वस्तू हातात आल्यावर तो विझत नाही, उलट पुढच्या वस्तूसाठी पेटतो.

सप्टेंबरच्या पूर्वार्धात एका मंगळवारी किंवा सोमवारी कॅलिफोर्नियात सकाळचे दहा वाजतात, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा. साडू एरवी साडेनऊला घोरतात. त्या रात्री मात्र जेवण लवकर, चहाचा थर्मास भरलेला, मांडीवर लॅपटॉप. समोर कंपनीची माणसं एकामागून एक पार्कातल्या हिरवळीवरून चालत येतात आणि हा आमचा आजवरचा सर्वोत्तम आयफोन आहे असं सांगतात. यावर माझा एकच भाबडा प्रश्न होता. यंदाचा गेल्या वर्षीपेक्षा वाईट काढायचा कुणाचा बेत होता का? साडूंनी उत्तर दिलं नाही. रिफ्रेश रेट चालू होता.

त्यांची खरी तयारी मला कळली ती धातूवरून. २०२३मध्ये पंधरा क्रमांकाच्या प्रो फोनला टायटॅनियमची चौकट आली. अंतराळयानात वापरतात तो धातू. साडू महिनाभर टायटॅनियम बोलत होते. वजनाला हलका, ताकदीला भारी, पोलाद त्यापुढे काहीच नाही, वगैरे. २०२५मध्ये सतरा क्रमांकाच्या प्रोमधून टायटॅनियम गेलं आणि अ‍ॅल्युमिनियम आलं. मी जरा चहाटळपणे विचारलं, आता कसं? साडू अजिबात अडखळले नाहीत. 'अहो, अ‍ॅल्युमिनियमने उष्णता पसरते. टायटॅनियम तापतं.' दोन वर्षं त्यांच्या खिशात टायटॅनियम तापत होतं, पण त्याचा चटका त्यांना अ‍ॅल्युमिनियम जाहीर झाल्यावर लागला. त्याच आठवड्यात त्यांच्या घरातली अ‍ॅल्युमिनियमची पातेली मोडीत गेली. जेवणाला चांगली नसतात म्हणे.

बटणांचंही तेच. पहिल्या फोनची थोरवीच ही की त्याने बटणं काढली, समोर उरलं एक गोल बटण. २०१७मध्ये दहाव्या वर्षाच्या फोनमधून तेही गेलं, टाळ्या. २०२३मध्ये बाजूला एक नवं बटण आलं, टाळ्या. २०२४मध्ये फोटो काढायचं आणखी एक बटण आलं, त्याहून मोठ्या टाळ्या. फोटो काढायला बटण दाबावं लागतं ही कल्पना माझ्या आजोबांच्या अग्फाच्या डबा कॅमेऱ्यालाही सुचली होती, असं मी म्हणालो. साडू म्हणाले, त्याच्यात हॅप्टिक नव्हतं.

काढून घेण्याचं शास्त्र तर या कंपनीकडूनच शिकावं. २०१६मध्ये इयरफोनचं भोक बुजवलं. त्याला कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने मंचावरून धैर्य म्हटलं. आमच्या सोसायटीच्या बिल्डरने जिन्यातली खिडकी बुजवली, त्याला आम्ही नोटीस पाठवली होती. त्याला धैर्य म्हणायचं सुचलं नाही, बिचाऱ्याचं शिक्षण कमी पडलं. २०२०मध्ये खोक्यातून चार्जर गेला, पर्यावरणासाठी. पर्यावरण वाचलं, चार्जर वेगळा विकत घ्यावा लागला आणि तो आणखी एका खोक्यातून आला. ब्राझीलमधल्या ग्राहक-संरक्षणवाल्यांनी त्यावरून कंपनीला दंड केला. साडूंनी मात्र ब्राझीललाच नापास केलं. मग युरोपने कायदा केला की सगळ्या फोनना एकच, यूएसबी-सी जातीचं तोंड हवं. कंपनीने आधी कुरकुर केली, मग २०२३मध्ये ते तोंड दिलं, आणि दिलं ते असं की जणू त्यांच्या मनात लहानपणापासून तेच होतं. साडूंनाही तेच वाटतं. मागची अकरा वर्षं जी निराळी, महागडी वायर ते पिशवीत घेऊन फिरले असते, म्हणजे तेव्हा ते अ‍ॅपलचे असते तर, तिची त्यांनी आठवणसुद्धा काढली नाही.

गिऱ्हाइकाने कंपनीची वकिली करायची, ती फी न घेता, ही या उत्साहाची पुढची पायरी. २०१७च्या डिसेंबरात कंपनीने कबूल केलं की जुन्या आयफोनची बॅटरी थकली की सॉफ्टवेअर त्यांचा वेग कमी करतं. बॅटरीवर ताण येऊन फोन मधेच बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. फ्रान्सने २०२०मध्ये अडीच कोटी युरो दंड ठोकला, गिऱ्हाइकांना हे सांगितलं का नाही म्हणून. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. या प्रकरणात कंपनीच्या वकिलांनी जेवढा जोर लावला नसेल तेवढा आमच्या साडूंनी कालच्या डोहाळजेवणात लावला. 'बॅटरी म्हातारी झाली तर फोनने हळू चालायला नको का?' त्यांचा मुद्दा बिनतोड होता. फक्त फोनचा वेग कमी झाला त्या वेळी त्यांच्याकडे आयफोन नव्हता, त्यांच्या खिशातून काही गेलेलं नव्हतं आणि जिच्या डोहाळजेवणाला आलो होतो त्या मुलीला पाट हवा होता, त्यावर साडू बसले होते.

जे अजून आलेलंच नाही, त्यावरही उत्साह करता येतो, हे २०२४मध्ये सिद्ध झालं. सोळा क्रमांकाचा फोन विकला गेला तो कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी घडवलेला म्हणून. विक्रीच्या दिवशी त्यात ती बुद्धिमत्ता नव्हती. पहिला हप्ता ऑक्टोबरअखेर आला, आणि जूनमध्ये दाखवलेली हुशार सिरी पुढच्या मार्चमध्ये आणखी पुढे ढकलली गेली. लोकांनी फोन घेतला, अक्कल नंतर येणार होती. साडूंनी घेतला नाही का? घेतलाच की.

आता रांगेकडे येऊ. सप्टेंबर २०२५मध्ये फोन जाहीर झाला ९ तारखेला आणि दुकानात आला १९ला. कालनिर्णय काढून बघा. दोन्ही तारखा पितृपक्षात. सर्वपित्री अमावास्या २१ला होती. ज्या घरात पितृपक्षात केरसुणी विकत आणत नाहीत, चपलांचा नवा जोड घालत नाहीत, मुलीला बघायला येणाऱ्यांना पुढच्या महिन्यात या म्हणतात, त्या घरातला कर्ता पुरुष पहाटे उठून कोरेगाव पार्कात रांगेत उभा. तिथलं अ‍ॅपलचं दुकान दोनच आठवड्यांपूर्वी, ४ सप्टेंबरला उघडलं होतं. साडूंच्या आईंनी दबक्या आवाजात विचारलं, दोन दिवस थांबता येणार नाही का, घटस्थापनेला आण. साडू म्हणाले, तोवर नारिंगी संपेल. पितरांना काय, ते पुढच्या वर्षी परत येतात.

गंमत म्हणजे घटस्थापनेलाच, २२ सप्टेंबरला, जीएसटीचे नवे दर लागू झाले. लोणी-तूप बारावरून पाच टक्क्यांवर आलं, टीव्ही-एसी अठ्ठावीसवरून अठरावर आले. फोन होता तिथेच, अठरावर. सरकारलाही माहीत आहे, कुठे सवलत दिली नाही तरी चालतं.

कंपनीचं पंचांग असं आपल्या पंचांगावर बसत चाललंय. २०२३मध्ये पंधरा क्रमांकाचा फोन आला तो २२ सप्टेंबरला, गौरीपूजनाच्या दिवशी. त्या दिवशी माहेरवाशिणीला सोळा भाज्या करायच्या आणि घरातला मुलगा बीकेसीला. याच बीकेसीचं दुकान त्या एप्रिलमध्ये उघडलं, तेव्हा खुद्द टिम कुक दार उघडायला आले होते. बांधकाम चालू असताना दुकानापुढच्या आडोशावर काळ्या-पिवळ्या टॅक्सीची नक्षी काढली होती. कुकसाहेबांनी माधुरी दीक्षितसोबत वडापाव खाल्ला. त्या वडापावचा फोटो जगभर गेला आणि आपल्याला धन्य वाटलं. वडापाव इतकी वर्षं आपण खात होतो, त्याचं कुणाला काही नव्हतं.

रांग कशासाठी, हे मात्र मला खरंच कळत नाही. फोन आधी नोंदवता येतो. घरी येतो. मोठ्या शहरांत दहा मिनिटांत किराणा पोचवणारी मंडळी कोथिंबिरीच्या पिशवीसोबत आयफोनही आणून देतात. म्हणजे रात्रभर रांगेत उभं राहून जे मिळतं, ते दारात बनियनवर उभं राहूनही मिळतं. तरी माणसं नाशिकहून, अहमदाबादहून येतात. कारण रांगेत वाहिनीचा माइक असतो. 'काय भावना आहेत?' 'खूप छान वाटतंय, शब्दांत सांगता येत नाही.' हाच प्रश्न आणि हेच उत्तर आषाढीला पंढरपुरात, निकालाच्या दिवशी टॉपरच्या घरी आणि पक्षांतराच्या दिवशी आमदाराच्या बंगल्यावर असतं. माइक दिसला की मराठी माणसाचे शब्द पहिले जातात.

त्या नारिंगीचंही ऐका. कंपनीने त्याला अंतराळाशी नातं सांगणारं नाव दिलं. आपल्याकडे लगेच 'भगवा फोन' म्हणून आरोळी उठली आणि छाती रुंद झाली. तिकडे चीनमध्ये त्याच रंगाला लोक एका फ्रेंच कंपनीच्या महागड्या पिशव्यांच्या रंगावरून ओळखायला लागले आणि तिथेही छाती रुंद झाली. रंगाचं एकच पिंप, दोन देशांचे दोन अभिमान, आणि पैसे एकाच खात्यात. यावर कळस म्हणजे रंग दिसावा म्हणून फोन घेतात आणि घेतल्याबरोबर कव्हर घालतात. कव्हरला पाठीमागे गोल भोक असतं, सफरचंदापुरतं. पडल्यावर सगळा फोन वाचायला हवा, पण लोकांना तेवढं दिसायला हवं. साडूंची लिफ्टमधली आरशातली छबी मी रोज व्हॉट्सअ‍ॅपवर बघतो. तिच्यात साडूंचा चेहरा फोनमागे लपलेला असतो, फोन मात्र स्वच्छ आलेला असतो.

पैशाचं काय, असं कुणीतरी विचारायला हवं. सतरा क्रमांकाचा साधा फोन आला तेव्हा ८२,९०० रुपये. प्रो १,३४,९००. सर्वांत वरचा, दोन टेराबाइटवाला, २,२९,९००. एवढ्यात पूर्वी लातुरात प्लॉट यायचा, हे वाक्य मी साडूंसमोर म्हणत नाही, कारण त्यांनी तेव्हा प्लॉट घेतला नव्हता. ते म्हणतात, 'कोण एकदम देतंय? नो-कॉस्ट ईएमआय आहे.' चोवीस हप्ते, साध्या फोनला महिन्याला साडेतीन हजारांच्या आत. व्याज शून्य.

आता या शून्याची कुंडली. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना लेखी बजावलंय की शून्य टक्के व्याज असली काही चीज अस्तित्वातच नाही. होतं काय, तर व्याजाइतकी रक्कम किमतीतून आधी सवलत म्हणून वजा होते, मग बँक तेवढंच व्याज हप्त्यांतून वसूल करते. कागदावर जमाखर्च बरोबर. वर क्रेडिट कार्डावरचे हप्ते असतील तर त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क, ते गिऱ्हाइकाच्या पदरात. शिवाय एकरकमी घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती या व्याजात जिरते. हे मला कुणी सांगितलं? साडूंनीच. ते परिपत्रक त्यांनी स्वतः फाइलला लावलंय. वैयक्तिक कर्जाच्या अर्जावर 'प्रयोजन काय?' असा लाल शेरा मारण्यात या माणसाची हयात गेली. दाढेच्या शस्त्रक्रियेसाठी कर्ज मागणाऱ्याला त्यांनी दाढेचा एक्सरे आणायला लावला होता.

आणि हप्ते चोवीस, तर फोन दर बारा महिन्यांनी. हप्त्यांची दुसरी वर्षगाठ यायच्या आत फोन जुना. मग एक्स्चेंज. एक्स्चेंजला खोकं असेल तर भाव बरा येतो अशी त्यांची श्रद्धा, म्हणून माळ्यावर पांढरी खोकी रचलेली. गणपतीचं मखर त्यासाठी खाली उतरवलं, ते आता बाल्कनीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभं आहे. खोकं उघडण्याचा विधी मला एकदा बघू दिला. झाकण हाताने उचलायचं नाही, नुसतं धरायचं, खालचा भाग आपल्या वजनाने सावकाश सुटतो. तेवढ्या वेळात घरात कुणी बोलायचं नाही. कुकरची शिट्टी झाली तर साडूंनी मेव्हणीकडे असं पाहिलं की तिने गॅसच बंद केला.

घरात नवा फोन आला की जुन्यांची बदली होते. साडूंचा मेव्हणीकडे, मेव्हणीचा चिरंजीवांकडे, असं वाटेल, पण नाही. चिरंजीव मधेच घुसतात. मेव्हणीला मिळतो तो चिरंजीवांनी कोपरा फोडलेला, आणि आईंच्या वाट्याला साडूंच्या आयफोनांच्याही आधीचा, घराण्यातला सर्वांत जुना. मे २०२५मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने सहा क्रमांकापर्यंतच्या आयफोनवर चालायचं बंद केलं, तेव्हा आईंचे सुप्रभात एका सकाळी थांबले. भिशीच्या मंडळातल्या दोघी बघायला आल्या, बरं आहे ना म्हणून. ज्यांच्याकडून घरात सगळ्यांत जास्त वेळ फोन वापरला जातो, त्यांना सगळ्यांत मोडका फोन, ही व्यवस्था आपल्याकडे दुधाच्या सायीपासून चालत आलेली असावी.

हे फोन आता भारतात जुळवतात, याचा साडूंना फार अभिमान. मलाही आहे. फक्त भारतात म्हणजे कुठे, ते बघावं. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर. कर्नाटकात कोलार. तमिळनाडूत होसूर. आणि महाराष्ट्रात? महाराष्ट्रात बीकेसी आणि कोरेगाव पार्क. फोन जुळवणाऱ्या फॉक्सकॉनने २०१५च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारबरोबर पाच अब्ज डॉलर गुंतवणुकीचा करार केला होता. फोटो छान आला होता. पुढे २०२२मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा सेमीकंडक्टरचा प्रकल्प तळेगावला येणार येणार म्हणता गुजरातला गेला, आणि तिथूनही फॉक्सकॉन पुढच्या जुलैत बाहेर पडली. म्हणजे ज्यांनी पळवला त्यांनाही पचला नाही, एवढंच आपलं समाधान. कारखाने दक्षिणेला, काउंटर आपल्याला. पगार त्यांच्याकडे, हप्ते आपल्याकडे.

स्वस्तात हवा असेल तर अमेरिकेतल्या नातेवाइकाला सांगायचं, हा मराठी मध्यमवर्गाचा जुना राजमार्ग. साडूंचा पुतण्या न्यू जर्सीत एडिसनला. पूर्वी त्याच्याकडून बदाम आणि टॉर्च यायचे. आता दर वर्षी विचारणा होते. तिकडे साधा सतरा ७९९ डॉलरला आला, वर त्या राज्याचा कर. पण २०२२पासून अमेरिकेतल्या आयफोनला सिमकार्डाची खाचच नाही, सगळं आभासी. साडूंना अजून सिमकार्ड बोटाने चाचपून बघितल्याशिवाय नंबर आपला वाटत नाही. तो मार्ग खुंटला. पुतण्या सुटला, असं त्याला वाटलं होतं.

मग नोव्हेंबर २०२५मध्ये कंपनीने नवी वस्तू काढली. फोनचा मोजा. इसे मियाके या जपानी घराण्याबरोबर विणलेली पिशवी, त्यात फोन घालून हातात किंवा खांद्याला अडकवायचा. आखूड पट्ट्याची १४९ डॉलर ९५ सेंट, लांब पट्ट्याची २२९ डॉलर ९५ सेंट. भारतात मिळत नव्हती. साडूंनी चित्र आईंना दाखवलं. आईंनी चष्मा वर केला, चित्र मोठं केलं, दोन बोटांनी, आणि म्हणाल्या, 'सुलट-उलट रिबच आहे. नातवाच्या टोपीची लोकर उरलीय. माप दे.'

'आई, ते थ्रीडी निटिंग आहे.'

'माझंही सगळ्या बाजूंनीच असतं,' आई म्हणाल्या.

साडूंनी ऐकलं नाही. एडिसनला निरोप गेला, रंग कळवला, लांब पट्टाच आण असं बजावलं, खोकं फेकू नकोस असंही. दुसऱ्या दिवशी पुतण्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच पोहे खात होतो. 'काका, सॉरी, मी उशीर केला. सगळे रंग संपले.'

मला वाटलं आता साडूंचं तोंड उतरेल. ते उभे राहिले, फोन माझ्यासमोर धरला, आणि लॉटरी लागल्यासारखे म्हणाले, 'बघा! एका दिवसात संपलं. मी तुम्हाला काय सांगत होतो?'